जाताना पावणेसात तास आणि येताना एकतीस?

वाचकाचं पत्र:

"मी ६४ वर्षांची आहे, यजमान ७१ चे. सध्या आम्ही सिंगापूरला लेकीकडे राहतो. मे महिन्यात न्यूयॉर्कला मुलाचा पदवीदान समारंभ आहे, बुधवारी सकाळी दहा वाजता. एवढा लांबचा विमानप्रवास आम्ही दोघांनी मिळून कधी केलेला नाही, म्हणून मी स्वतःच माहिती काढायला बसले आणि पुरती गोंधळले. अंतर एका ठिकाणी १५,३४९ लिहिलंय, दुसरीकडे ९,५३७ आणि तिसरीकडे ८,२८८. विमान ताशी ९०० किलोमीटर जातं म्हणतात, म्हणून मी भागाकार केला तर १७ तास आले. पण जावई म्हणतात, एकोणीस तास धरा. तिकिटावर पाहिलं तर थेट विमान सोमवारी रात्री ११.५५ ला निघून मंगळवारी सकाळी ६.३५ ला पोचतंय. म्हणजे पावणेसात तास! परतीचं विमान शनिवारी रात्री १०.३० ला निघून सोमवारी पहाटे ५.२० ला पोचतंय. हे जवळपास एकतीस तास झाले, आणि रविवार गेला कुठे? नकाशावर पाहिलं तर विमान अमेरिकेकडे सरळ न जाता वर जपानच्या बाजूला जातं, हेही कळत नाही. लेक म्हणते थेट विमानानेच जा, मुलगा म्हणतो बाबांना एवढा वेळ बसवू नका, मधे उतरून या. यजमान रक्तदाबाची गोळी घेतात, बाकी तब्येत ठीक आहे. मंगळवारी सकाळी पोचलो तर बुधवारच्या समारंभाला पुरेल ना? थेट जावं की थांबून?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही कागदावर मांडलेला एकही आकडा खोटा नाही. तिकीटही बरोबर आहे आणि जावईही बरोबर आहेत. विमानांचे मार्ग आखण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, आणि अंतराला वेगाने भागून प्रवासाचा वेळ काढणारी हुशार माणसं मी सतत पाहिली. शाळेत आपल्याला तेच शिकवलं आणि जमिनीवर ते चालतंही. आकाशात का चालत नाही ते सांगतो. त्यातूनच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर निघेल.

आधी हरवलेला रविवार शोधू. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची. ही पद्धत जगभर सारखीच आहे. मे महिन्यात न्यूयॉर्कचं घड्याळ सिंगापूरच्या बरोबर बारा तास मागे असतं. (मार्चचा दुसरा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार हा तिथला उन्हाळी वेळेचा काळ. हिवाळ्यात हाच फरक तेरा तासांचा होतो, कारण सिंगापूर आपलं घड्याळ वर्षभर हलवत नाही.) आता सगळं सिंगापूरच्या वेळेत लिहून पाहा. जाताना तुम्ही सोमवारी रात्री ११.५५ ला निघता. न्यूयॉर्कला मंगळवारचे सकाळी ६.३५ होतात तेव्हा सिंगापूरला मंगळवारच्याच संध्याकाळचे ६.३५ झालेले असतात. म्हणजे प्रवास १८ तास ४० मिनिटांचा. येताना न्यूयॉर्कला शनिवारी रात्रीचे १०.३० वाजलेले असतात तेव्हा सिंगापूरला रविवारी सकाळचे १०.३० झालेले असतात. तिथून सोमवारी पहाटे ५.२० पर्यंत १८ तास ५० मिनिटं. रविवार कुठेही गेलेला नाही, तो तुम्ही विमानात बसून काढणार आहात.

पॅसिफिक महासागरावरची वाररेषा ओलांडली की तारीख बदलते, त्यामुळे दिवस तिथेच हरवतो असं पुष्कळांना वाटतं. पण विमान परत येताना अटलांटिकवरून, ती रेषा न ओलांडता आलं तरी तुम्ही सोमवारी पहाटेच पोचाल. वाट कोणतीही असो, दोन गावांच्या घड्याळांतला फरक तोच राहतो.

एक युक्ती सांगतो, ती कुठल्याही लांबच्या प्रवासाला लागू पडते आणि तिला वेळेचा फरक माहीत असण्याची गरज नाही. जातानाचे तिकिटावर दिसणारे तास आणि येतानाचे दिसणारे तास यांची बेरीज करा आणि निम्मे करा. तुमच्या बाबतीत ६ तास ४० मिनिटं अधिक ३० तास ५० मिनिटं, म्हणजे साडेसदतीस तास. त्याचे निम्मे पावणेएकोणीस. एका बाजूला घड्याळ जेवढं मागे जातं तेवढंच दुसऱ्या बाजूला पुढे येतं, त्यामुळे फरक आपोआप कटतो आणि सरासरी खरा वेळ हाती राहतो.

आता ते तीन आकडे. १५,३४९ हे किलोमीटर आहेत, ९,५३७ हे साधे मैल आणि ८,२८८ हे सागरी मैल. तिन्ही एकच अंतर सांगतात. विमानाच्या आणि जहाजाच्या कामात सागरी मैलच वापरतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. दोन संकेतस्थळांवर पाच-दहा किलोमीटरचा फरक दिसला तर तोही सोडून द्या. कुणी पृथ्वी अगदी गोल धरतं, कुणी ध्रुवांशी किंचित चपटी धरतं, कुणी विमानतळापासून मोजतं तर कुणी शहराच्या मध्यापासून.

हे अंतर तुम्ही स्वतः पडताळू शकता, आणि तुमच्याच दोन गावांच्या बाबतीत ते विलक्षण सोपं आहे. सिंगापूरचा विमानतळ साधारण १०४ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ सुमारे ७४ अंश पश्चिमेला. दोन्ही मिळून १७८, म्हणजे पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजू. अशा दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट पूर्वेलाही जात नाही आणि पश्चिमेलाही नाही, ती सरळ वर उत्तर ध्रुवाजवळून जाते. नातवंडांचा पृथ्वीगोल घरात असेल तर त्यावर दोरा ताणून बघा, तो आपोआप वर सरकेल. सिंगापूर विषुववृत्ताच्या १.४ अंश उत्तरेला आहे, म्हणून तिथून ध्रुवापर्यंत ८८.६ अंश. न्यूयॉर्क ४०.६ अंशांवर, म्हणून ध्रुवापासून खाली ४९.४ अंश. एकूण १३८ अंश, आणि एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर. गुणाकार १५,३१८ येतो. कागद-पेन्सिलीने एवढं जवळचं उत्तर मिळतं, याचा मला आजही आनंद होतो.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर मात्र ही वाट वाकडी दिसते, कारण तो नकाशा उत्तरेकडचा भाग ताणून रुंद करतो. तुम्हाला विमान 'वर जपानकडे' जाताना दिसलं त्यामागे हे अर्धं कारण आहे. उरलेलं अर्धं कारण वाऱ्याचं.

१५,३४९ ही मोजपट्टीची वाट झाली. विमान तिच्यावरून जाईलच असं नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने सिंगापूरहून न्यूयॉर्कशेजारच्या न्यूअर्कला थेट सेवा पुन्हा सुरू केली. ते अंतर मोजपट्टीने तुमच्या अंतराएवढंच आहे. पण कंपनीने जाहीर करताना सुमारे १६,७०० किलोमीटर आणि पावणेएकोणीस तास असे आकडे दिले. म्हणजे प्रत्यक्षात हजारावर किलोमीटर जास्त! विमान मुद्दाम लांबून नेलं जातं, कारण लांबची वाट लवकर संपते.

विमानाचा ताशी ९०० किलोमीटर हा वेग हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या नाही. आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवरची ती हवा स्वतःच वाहत असते. जपान आणि उत्तर पॅसिफिकच्या वर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार पट्टा धावतो, त्याला जेट प्रवाह म्हणतात. (जपानी हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून तो मोजला. जगाला कळावं म्हणून अहवाल एस्पेरांतो या सगळ्या जगासाठी मुद्दाम रचलेल्या भाषेत छापला, आणि तो फारच थोड्यांनी वाचला. मला याची नेहमी हळहळ वाटते.) प्रवाहाबरोबर सोडलेल्या नावेसारखं विमान यात शिरलं की दीडशे किलोमीटरचा वारा पाठीशी असताना जमिनीवरचा वेग १,०५० होतो, आणि तोच वारा समोरून आला की ७५०. फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळी रात्री ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी त्याला साडेसहा-सात तास लागतात.

याहून बोलकं उदाहरण एअर इंडियाचं आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे विमान आधी अटलांटिकवरून, म्हणजे वाऱ्याला तोंड देत जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पॅसिफिकवरून नेलं. वाट सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० च्या आसपास गेली आणि वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी होऊन साडेचौदा तासांवर आला. तुमच्या भागाकाराने याचं उत्तर उलटंच आलं असतं.

तुमच्या मार्गावर जाणं आणि येणं जवळपास सारख्याच वेळाचं का, तेही यातच आहे. लंडन-न्यूयॉर्कसारख्या मार्गावर जाताना आणि येताना तासाभराचा फरक पडतो, कारण वाट एकच आणि वारा एका बाजूने. तुम्ही मात्र पृथ्वीच्या समोरासमोरच्या टोकांवर आहात. त्यामुळे जाताना पॅसिफिकवरून पूर्वेकडे आणि येताना अटलांटिक व युरोपवरून पुन्हा पूर्वेकडेच, असं दोन्ही वेळा वारा पाठीशी घेऊन अख्खी पृथ्वीप्रदक्षिणा करता येते. रोजची वाट रोजचे वारे पाहून ठरते. म्हणून परतताना समोरच्या पडद्यावरच्या नकाशात वेगळीच गावं दिसली तर घाबरू नका.

वाऱ्याशिवाय देशांच्या हद्दी असतात. रशियाचं आकाश २०२२ मध्ये युरोपीय कंपन्यांना बंद झालं, तेव्हा हेलसिंकी ते टोकियो हा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. दोन्ही शहरं होती तिथेच होती. आणि तिकिटावरचा वेळ विमान फाटकापासून मागे ढकललं जातं तेव्हापासून ते दुसऱ्या फाटकाला लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत सरपटणं, रांगेत थांबणं, उतरण्याआधी घिरट्या घालणं, सगळं त्यात धरलेलं असतं. सतरा आणि पावणेएकोणीस यांतलं अंतर असं भरतं. खात्री करायची असेल तर विमानाचा क्रमांक घेऊन मागच्या आठवड्यात ते प्रत्यक्ष किती वाजता सुटलं आणि पोचलं हे विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर पाहा. अंतराच्या कुठल्याही आकड्यापेक्षा ते भरवशाचं.

आता निर्णयाकडे येऊ. मुलाचं म्हणणं प्रेमाचं आहे, पण मधे उतरल्याने काय कमी होतं आणि काय वाढतं ते नीट मांडूया. फ्रँकफर्टला थांबून गेलात तर पहिला टप्पा सुमारे १०,३०० किलोमीटर, दुसरा ६,२००. एकूण साडेसोळा हजार, म्हणजे थेट विमान जेवढं उडतं साधारण तेवढंच! अंतराने काही बिघडत नाही. वेळ मात्र बावीस ते सव्वीस तासांवर जातो, कारण एक जास्तीचं उतरणं, थांबणं, तपासणी आणि पुन्हा उड्डाण. त्याच्या बदल्यात सलग बसणं तेरा-साडेतेरा तासांवर येतं आणि मधे पाय मोकळे होतात. तुम्ही तुलना करायची ती या दोन आकड्यांची: सलग किती तास बसायचं, आणि लेकीच्या दारातून मुलाच्या दारापर्यंत एकूण किती तास. किलोमीटर बाजूला ठेवा.

माझं मत सांगतो. यजमानांची तब्येत ठीक आहे आणि खर्च झेपत असेल तर थेट जा. या मार्गासाठी खास बनवलेल्या लांब पल्ल्याच्या एअरबस ए३५० विमानात १६१ च आसनं आहेत आणि साधा इकॉनॉमी वर्ग त्यात नाही, सगळ्यात खालचा वर्ग प्रीमियम इकॉनॉमी. त्यामुळे तिकीट महाग असतं, पण पाय पसरायला जागा जास्त मिळते, आणि मध्यरात्री अनोळखी विमानतळावर दार शोधत फिरावं लागत नाही. सत्तरीच्या माणसाला उरलेले पाच-सहा तास बसण्यापेक्षा अर्धवट झोपेतून उठून ती धावाधाव करणं जास्त थकवतं, असं मी पुष्कळांकडून ऐकलंय. साध्या इकॉनॉमीतूनच जायचं असेल तर मात्र मुलाचं ऐका, कारण थेट विमानात तो वर्गच नाही, आणि असता तरी त्या आसनात सलग अठरा-एकोणीस तास मी कुणाला सुचवले नसते. तेव्हा दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर राहते. मधे निदान तीन तास ठेवा, व्हीलचेअर तिकिटासोबतच मागून ठेवा, त्यात संकोच नको. मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का तेही आधी बघा. आणि थांबा सॅन फ्रान्सिस्कोसारख्या अमेरिकेतल्या गावी असेल तर इमिग्रेशन आणि सामान घेऊन पुन्हा देणं हे सगळं त्या पहिल्याच गावी करावं लागतं. तुमच्यासाठी मी तो पर्याय टाळेन.

थेट गेलात तरी यजमानांना आतल्या वाटेकडेचं आसन घ्या आणि जागे असताना दर दीड-दोन तासांनी उठवा. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार तासांहून जास्त सलग बसून प्रवास केल्यावर पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो असं आढळलं. तरीही तो सहा हजारांत एक एवढाच आहे, म्हणून भीती बाळगू नका, फक्त पाय हलते ठेवा. विमानातली हवा फार कोरडी असते, पाणी पीत राहा.

गोळीचं गणित तुमच्या बाबतीत सुदैवाने सोपं आहे. फरक बारा तासांचा असल्यामुळे सिंगापूरला सकाळी आठला घेतली जाणारी गोळी न्यूयॉर्कला संध्याकाळी आठला घेतली की चोवीस तासांचं अंतर तंतोतंत राहतं. पण काही गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि त्या रात्री घेणं बरं नसतं. म्हणून गोळीचं नाव सांगून डॉक्टरांना आधी विचारा, आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. प्रवासभर एका मनगटावर सिंगापूरचीच वेळ राहू द्या.

मंगळवारी सकाळी पोचून बुधवारचा समारंभ गाठता येईल, पण मी तसं करू देणार नाही. बुधवारी सकाळचे दहा म्हणजे तुमच्या शरीराला रात्रीचे दहा. ज्या क्षणासाठी एवढ्या लांब जायचं, त्याच क्षणी डोळे मिटू लागतील. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एखाद्या तासाने सरकतं, त्यामुळे बारा तासांचा फरक आठवड्यातही पुरता भरून निघत नाही. चार दिवस मिळाले तर निदान सकाळी जागं राहणं जमेल. शिवाय विमान एखादा दिवस रद्द झालं तरी समारंभ हातचा जात नाही.

म्हणून सोमवारऐवजी आधीच्या शुक्रवारी रात्रीचं ११.५५ चं विमान घ्या. विमानतळावर शुक्रवारीच रात्री नऊच्या आत पोचा. निघण्याची वेळ मध्यरात्रीनंतरची, म्हणजे १२.१५ वगैरे दिसली तर तारीख दोनदा वाचा, कारण शनिवारी ००.१५ चं विमान पकडायला घरातून शुक्रवारीच निघावं लागतं. शनिवारी सकाळी ६.३५ ला तुम्ही न्यूयॉर्कला उतराल. इमिग्रेशनची रांग आणि सामान यात तास-दीड तास सहज जातो, तेव्हा मुलाला सांगा, आठच्या सुमाराला न्यायला ये.